वरून गळतंय म्हणून मेंटेनन्स बंद करू नका

ताई, तुमचा प्रश्न असा समजलो: बेळगावच्या अनगोळात बारा फ्लॅटची बिल्डिंग, वरच्यांच्या बाथरूमचं पाणी तुमच्या स्वयंपाकघरात उतरतंय, कमिटी म्हणते "तुमचं तुम्ही बघा", तुम्ही चार महिने मेंटेनन्स थांबवलाय आणि कोल्हापूरचे भावजी म्हणतात सहकार खात्याच्या उपनिबंधकाकडे तक्रार ठोका.

भावजींचं त्यांच्या गावात बरोबर असेल. तिकडे बहुतेक सोसायट्या महाराष्ट्राच्या सहकारी कायद्याखाली असतात. आपल्याकडे, म्हणजे कर्नाटकात, आधी फ्लॅटवाल्यांची संघटना नेमकी कशाखाली आहे ते बघावं लागतं. खरेदीपत्राबरोबरच्या कागदांत 'डीड ऑफ डिक्लरेशन' (इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र) असेल तर १९७२ चा कर्नाटक अपार्टमेंट ओनरशिप कायदा लागतो. सहकारी संस्था असेल तर १९५९ चा कर्नाटकाचा सहकारी कायदा, आणि मग निबंधकाकडे वाद नेता येतो. कुठे कुठे तर काहीच नोंदवलेलं नसतं, नुसता शिक्का आणि पावतीपुस्तक. हे कळल्याशिवाय अर्ज टाईप करून घेऊ नका, पैसे वाया जातात.

मेंटेनन्स मात्र आजच भरा. १९७२ च्या कायद्यात थकलेल्या रकमेचा बोजा फ्लॅटवरच चढतो, विकायला गेलात की तो पुढं येतो. "मी लिफ्ट वापरत नाही" म्हणूनही सुटका नाही, सामाईक गोष्ट वापरायची सोडली तरी वाटा द्यावाच लागतो. आमच्या टिळकवाडीतल्या बिल्डिंगीत तळमजल्यावरच्या काकांनी हे मानलं नाही, आणि नंतर त्यांच्या गळतीच्या तक्रारीवर मीटिंगमध्ये पहिला प्रश्न आला, "काका, थकबाकी?" झालं, विषय संपला.

आता गळती. दोष कुठला आहे ते ठरल्याशिवाय कुणाशी भांडायचं हेच ठरत नाही. फक्त पावसाळ्यात ओल येते की बाराही महिने? आपल्याकडचा जून ते सप्टेंबरचा पाऊस तुम्हाला माहीत आहेच. ओल तेवढ्यातच असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची, म्हणजे सामाईक, म्हणजे कमिटीचं काम. बाराही महिने असेल तर वरच्यांना सांगून बाथरूमला येणारा व्हॉल्व्ह रात्रभर बंद ठेवायला लावा. थेंब थांबले तर बहुधा आतला पाईप फुटलाय. थांबले नाहीत तर नहाणी ट्रॅपला, म्हणजे बाथरूमच्या फरशीतल्या पाणी जायच्या भोकाला, कापड कोंबून, दोन इंच पाणी साठवून त्यात खाण्याचा लाल रंग घाला. चोवीस तासांत तुमच्या छताला लाल डाग आला की वाद मिटला. आमच्याकडे तो आला तेव्हा वरच्या वहिनी स्वतः खाली येऊन बघून गेल्या, दुसऱ्या दिवशी प्लंबर. डाग यायच्या आधी मात्र महिनाभर त्या आमच्याशी बोलत नव्हत्या.

आणि एक, जरा नाजूक. तुमचे सेक्रेटरी कानडी आहेत आणि मुद्दाम कानडीतच नोटीस लावतात असं तुम्ही लिहिलंय. असेलही. पण आमचाही एकदा असाच गैरसमज झाला होता. मराठीत दिलेल्या पत्राला कमिटीचं कानडीत उत्तर आलं, आम्ही धरून चाललो की नकार. वरच्या मजल्यावरच्या मुलीनं वाचून दाखवलं तेव्हा कळलं, त्यांनी काम मान्य केलं होतं, फक्त कोणत्या तारखेला घरी असाल एवढं विचारलं होतं! तीन आठवडे आम्ही फुगून बसलो होतो. म्हणून पत्र दोन्ही भाषांत द्या, एका प्रतीवर पोच घ्या, सोबत फोटो आणि तारखा.

एवढं करून कमिटी हललीच नाही तर कोर्टाच्या आवारातल्या जिल्हा कायदा सेवा प्राधिकरणाकडे जा. दावा न लावताही लोकअदालतीत विषय नेता येतो, कोर्ट फी लागत नाही. दोघांना मान्य असेल तरच तडजोड होते, पण एकदा झाली की तिच्यावर अपील नाही, म्हणून सही करण्याआधी प्लास्टर आणि रंगाचा खर्च कुणी द्यायचा ते त्यात लिहून घ्या. आमचा तेवढाच राहिला, आणि रंग शेवटी मीच मारला.