पहिल्यांदाच क्लासिक कार रिस्टोअर करायची आहे, कामाचा अनुभव नाही. सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की पाना फारसा हातात धरलेला नसताना जुनी गाडी घ्यावी, ती घरीच पूर्ण सुटी करावी आणि इंजिनापासून रंगापर्यंत नव्यासारखी करावी, हे जमेल का. रिस्टोअर करणं जमेल. पण पहिलीच गाडी पूर्ण सुटी करू नका, एवढं मी अगदी कळकळीने सांगेन. अर्धवट पडलेल्या बऱ्याच गाड्या मी पाहिल्या आहेत आणि बहुतेकांची गोष्ट एकसारखीच असते: मालकाने सुरुवातीच्या उत्साहात सगळी गाडी उघडली. उघडायला वेळ लागत नाही. जोडताना मात्र प्रत्येक भाग साफ, दुरुस्त किंवा नवा करावा लागतो आणि त्यात वर्षं जातात. तेवढ्या काळात कुठला बोल्ट कुठला हे आठवेनासं होतं, गाडी जागची हलत नाही आणि एक दिवस ती खोक्यांसकट विकली जाते.

निवडीबद्दल आधी बोलतो, कारण अर्धं काम तिथेच ठरतं. नवा माणूस रंग बघतो आणि इंजिन सुरू होतंय का ते बघतो. तुम्ही पत्रा बघा. इंजिन बंद असलेली पण पत्रा शाबूत असलेली गाडी ही चालू पण गंजलेल्या गाडीपेक्षा कितीतरी बरी. इंजिन बाहेर काढता येतं, त्याचे सुटे भाग मिळतात, मशिनिंगचं काम जाणकाराकडे देता येतं. पत्र्याचं तसं नाही. मिनी (1959) किंवा एमजीबी (1962) यांसारख्या गाड्यांना वेगळी चॅसी, म्हणजे खालचा भार पेलणारा सांगाडा, नसते; बॉडीच सगळा भार पेलते. अशा गाडीत दाराखालची सिल, म्हणजे तिथली लांब पोकळ पट्टी, आणि तळाचा पत्रा कुजला असेल तर गाडीचा कणाच गेला असं समजा.

म्हणून बघायला जाताना टॉर्च आणि मऊ कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक न्या. जिथे चुंबक चिकटत नाही तिथे रंगाखाली बहुधा पुट्टीचा जाड थर असतो. कार्पेट उचला, स्टेपनीचा खड्डा बघा, समोरच्या काचेचे खालचे कोपरे बघा, आणि सस्पेन्शन बॉडीला जिथे जोडलेलं असतं ती जागा तर नक्कीच बघा. दार उघडल्यावर खाली झुकत असेल किंवा दाराच्या फटी वर-खाली असमान असतील तर खाली काहीतरी गेलेलं असू शकतं.

दुसरी अट म्हणजे गाडी भरपूर बनलेली आणि शक्य तितकी पूर्ण असावी. फोक्सवॅगन बीटल 2003 पर्यंत बनत होती आणि 2 कोटी 15 लाखांहून अधिक बनल्या. एमजीबीची तर अख्खी नवी बॉडीसुद्धा 1988 पासून पुन्हा तयार होऊ लागली. अशा गाडीचं रबर, काच, ब्रेकचे भाग सहज मिळतात आणि माहिती देणारी माणसंही भेटतात. दुर्मीळ गाडीत एका दिव्याच्या काचेसाठी वर्षभर थांबावं लागू शकतं. पहिल्या गाडीला ती परीक्षा नको.

गाडी आणल्यावर लगेच स्टार्टर मारू नका. बरीच वर्षं बंद असेल तर स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, थांबा, मग क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर पाना लावून इंजिन हाताने हळू फिरवा. अडकलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडून आणखी थांबा. जुनं पेट्रोल काढून टाका आणि इंधनाचे रबरी पाइप बदला. आजच्या पेट्रोलमधलं इथेनॉल जुन्या रबराला खातं. बॅटरी लावण्याआधी अर्थ कुठल्या बाजूला आहे, म्हणजे बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडायचं, ते तपासा. बऱ्याच जुन्या ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो.

इंजिनाचा आवाज ऐकून मन भरून येतं, पण त्यानंतर गाडी चालवायच्या आधी ब्रेक. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्यामुळे व्हील सिलिंडर (चाकाजवळ ब्रेक दाबणारे छोटे सिलिंडर) आतून गंजतात. ब्रेकचे जुने रबरी होजपाइप बाहेरून चांगले दिसतात पण आतून फुगतात, मग पाय काढल्यावरही चाक धरलेलंच राहतं. हे सगळं बदला. डॉट 3 किंवा डॉट 4 प्रकारचं ब्रेक ऑइल असलेल्या गाडीत सिलिकॉनचं डॉट 5 मिसळू नका. टायरवर तारखेचे चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर 2000 सालाआधीचा आहे, नक्षी कितीही खोल असो.

आता कामाची पद्धत. एका वेळी एकच कोपरा घ्या. समजा पुढचं डावं चाक: तिथला ब्रेक, बेअरिंग, सस्पेन्शन उघडा, साफ करा, नवे भाग घाला, पूर्ण जोडा. तोवर उजव्या बाजूला हात लावू नका. जोडताना एखादी वॉशर कुठल्या बाजूला होती असा प्रश्न पडेलच, आणि उत्तर दुसऱ्या बाजूला जसंच्या तसं जोडलेलं असेल. फोटो काढाच, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावाच, पण फोटोत नेमकी हवी ती वॉशर बोल्टाच्या मागे लपलेली असते. शिवाय प्रत्येक कोपरा संपला की एक काम खरोखर पूर्ण झालेलं असतं. मधूनमधून गाडी चालवता आली की पुढच्या कामाला हुरूप येतो आणि खरा दोष कुठे आहे हेही चालवतानाच कळतं.

गंजलेला नट आधी किंचित आवळून मग सैल करा. गंजात झिरपून नट सैल करणारं भेदक तेल (पेनिट्रेटिंग ऑइल) आदल्या रात्रीच मारून ठेवा. जुन्या ब्रिटिश गाड्यांना मेट्रिक पाने बसत नाहीत. जबरदस्तीने बसवले तर नटाचे कोपरे झिजतात आणि पाच मिनिटांचं काम दिवसभराचं होतं.

वेल्डिंग शिकायचं असेल तर आधी भंगार पत्र्यावर शिका. सिल कापायची झाली तर दोन्ही बाजू एकदम कधीच कापू नका. दाराच्या चौकटीत आडवे आधार वेल्ड करा आणि दार लावून फट तपासत राहा, नाहीतर बॉडी वाकते आणि मग दार बसत नाही. हे काम जाणकाराला दिलंत तरी काहीच कमीपणा नाही.

जीवावर बेतणाऱ्या गोष्टी वेगळ्या सांगतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका, स्टँड लावा. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ हवेने उडवू नका, ओली करून पुसा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून ओलं घासा आणि योग्य मास्क वापरा. रिकाम्या पेट्रोल टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, तिच्याजवळ वेल्डिंग नको. क्लोरीन असलेल्या ब्रेक क्लीनरने पुसलेल्या जागी वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

रंग अगदी शेवटी. आणि नवा भाग गाडीत नीट बसून चालेपर्यंत जुना फेकू नका. नव्याने बनवलेले भाग बरेचदा नेमके बसत नाहीत आणि तेव्हा जुन्याच्या मापानेच ते घासून बसवावे लागतात. गाडी ठरायच्या आधीच त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल आणि पार्ट्स कॅटलॉग मिळवा. कॅटलॉगमधल्या सुट्या भागांच्या आकृत्या बघूनच बरंच कळेल की गाडीत काय काय असायला हवं आणि समोरच्या गाडीत काय गायब आहे.