ओपीजी काढलाय, मग थ्रीडी स्कॅन कशाला?

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय 58, राहणार तासगाव, द्राक्षबागायतदार. खालची उजवी मोठी दाढ चार वर्षांपूर्वी काढली. तेव्हापासून भडंगसुद्धा डावीकडं ढकलून खातो. आता इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात, बसवायचं ठरवलंय. सांगलीतल्या डॉक्टरांनी आधी ओपीजी, म्हणजे सगळ्या जबड्याचा एक्स-रे, काढायला लावला, तो बघून आता सीबीसीटी म्हणजे थ्रीडी स्कॅन करून या म्हणतात. त्याचे वेगळे अडीच हजार. माझ्या मेव्हण्याचं इम्प्लांट नुसत्या ओपीजीवर बसलं आणि मजेत आहे. एवढे एक्स-रे अंगावर घेणं बरं का? की यात कमिशनचा भाग आहे? शुगर आहे, गोळी चालू आहे. ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकायचंय.

उत्तर : कमिशनचं स्पष्ट विचारलंत, बरं केलंत. कट प्रॅक्टिस आपल्याकडे नाहीच असं मी लिहिलं, तर वाचक मला हसतील. पण तुम्ही माझ्याकडे आला असतात तरी मी हाच स्कॅन सांगितला असता. कारण आहे हाडाची रुंदी.

ओपीजी हा सपाट फोटो. त्यात हाडाची उंची दिसते, तीही जरा फुगवून. यंत्रानुसार 20 ते 30 टक्के मोठी येते. फोटोत 15 मिलिमीटर भरलं तर प्रत्यक्षात 12 असू शकतं. आणि गालाकडून जिभेकडे हाड किती जाड आहे, ते त्यात कळतच नाही. रस्त्यावरून शेताचा बांध बघितला तर उंची दिसते. वरून बैलगाडी जाईल की नुसती पायवाट आहे, ते वर चढल्यावरच समजतं. दाढ काढली की हाड झिजतं, पहिल्या वर्षात सगळ्यांत जास्त, आणि मुख्यतः गालाच्या बाजूनं. तुमची तर चार वर्षं गेली. मोठ्या दाढेच्या जागी साधारण साडेचार ते पाच मिलिमीटर जाडीचं इम्प्लांट बसवतात आणि दोन्ही बाजूंना निदान एक-दीड मिलिमीटर हाड उरावं लागतं. म्हणजे सात-आठ मिलिमीटर रुंदी हवी. ती पाचच भरली, तर बारीक इम्प्लांट घ्यायचं की आधी बोन ग्राफ्ट म्हणजे हाडाची भर घालायची, हे हिरडी उघडायच्या आधी ठरलेलं बरं. खर्चाचा आकडाही त्यावरच ठरतो.

शिवाय खालच्या दाढांच्या खाली, जिभेच्या बाजूला हाडाला खोलगट भाग असतो. कुणाला थोडा, कुणाला चांगलाच. ड्रिल तिकडून बाहेर पडलं तर जिभेखाली रक्तस्राव होतो, आणि तो गंभीर प्रकार आहे. खालच्या ओठाची नसही त्याच हाडातून जाते. तिला धक्का लागला तर ओठ-हनुवटी बधिर होते, चहा ओघळला तरी कळत नाही. म्हणून इम्प्लांटचं टोक आणि नस यांच्यात किमान दोन मिलिमीटर अंतर ठेवतात. स्कॅनमध्ये हाडाचा आडवा छेद बघून हे अंतर मोजता येतं.

मेव्हण्यांचं खोटं नाही. हाड भरपूर असेल आणि हात सरावाचा असेल, तर साध्या फोटोवरही काम होतं. स्वीडनमध्ये संशोधक ब्रोनेमार्क यांनी 1965 मध्ये रुग्णाला टायटॅनियमची इम्प्लांट बसवली, तेव्हा कुठे होता हा स्कॅन? दातांसाठीची ही यंत्रं 1990 च्या दशकाच्या अखेरीस आली. पण ती सुरुवातीची इम्प्लांट खालच्या जबड्याच्या पुढच्या भागात, दोन्हीकडच्या नसा बाहेर पडतात त्यांच्या मधल्या जागेत बसवत. तुमची जागा नेमकी नसेच्या वरची आहे.

किरणांची फार काळजी नको. दवाखान्यातल्या मोठ्या सीटीपेक्षा हा डोस बराच कमी असतो. फक्त त्या दाढेपुरता, लहान भागाचा स्कॅन घेतला तर काही दिवस ते काही आठवड्यांत निसर्गातून आपल्याला मिळतात, साधारण तेवढेच किरण. यंत्राला अणुऊर्जा नियामक मंडळाचा परवाना आहे का, हे बेधडक विचारा. स्कॅन चालू असताना मान हलवू नका. हललात की चित्र पुसट येतं आणि पैसे वाया. शेजारच्या दाताला धातूची कॅप असेल तर आधी सांगा, तिच्यामुळे चित्रावर पट्टे उमटतात.

आता कमिशनची परीक्षा. स्कॅन झाल्यावर डॉक्टरांना म्हणा, 'छेद दाखवा, रुंदी किती, नस किती अंतरावर?' जो डॉक्टर स्क्रीनसमोर बसवून आकडे दाखवेल, त्याने स्कॅन कामासाठी मागितला. जो फाइल न उघडताच तारीख देईल, त्याच्याविषयी तुम्हाला शंका आली तर मी अडवणार नाही. सेंटर तुमच्या पसंतीचं निवडा, सीडी किंवा पेनड्राइव्हवर मूळ फाइल मागून घ्या. नुसते छापील कागद पुरत नाहीत.

कोणी 'गाइड'चा, म्हणजे ड्रिलला दिशा देणारा, साचा सुचवला तर तो याच स्कॅनवरून आणि दातांच्या मापावरून बनतो. उपयोगी आहे. तरीही साचा वापरून एक-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होऊ शकतं; दोन मिलिमीटरचं अंतर राखायचं ते त्यासाठीही.

छाटणीचं म्हणाल, तर हाड इम्प्लांटला धरायला खालच्या जबड्यात साधारण तीन महिने लागतात. छाटणीआधी इम्प्लांट बसलं, तरी कॅप जानेवारीच्या आसपास. ग्राफ्ट लागलं तर आणखी पुढे. आणि स्कॅनसाठी बाहेर पडाल तेव्हा एचबीएवनसीसाठी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर बघायला, रक्तही देऊन या. साखर आटोक्यात नसेल तर स्कॅन कितीही चांगला आला तरी मी इम्प्लांट पुढे ढकलीन.