बोस्टनहून एका दिवसात न्यू बेडफर्ड पाहून होईल का? तिथे देवमाशांच्या शिकारीच्या इतिहासाशिवाय काही आहे का?

हो, एक दिवस पुरतो. आता बोस्टनहून थेट रेल्वेही जाते.

निम्मा दिवस व्हेलिंग म्युझियमला द्या. तिथलं ‘लगोडा’ हे शिकारी जहाजाचं निम्म्या आकाराचं मॉडेल १९१६ साली पूर्ण झालं, आणि त्यावर चढता येतं. वर टांगलेल्या ६६ फुटी निळ्या देवमाशाच्या सांगाड्यातून आजही तेल पाझरतं. देवमाशांच्या तेलावरच्या दिव्यांनी एकेकाळी घरं उजळायची आणि त्याच पैशावर हे गाव गबर झालं.

समोरच १८३२ सालचं सीमेन्स बेथेल हे खलाशांचं प्रार्थनास्थळ आहे. समुद्रात गेलेल्यांच्या स्मरणशिला भिंतींवर आहेत. त्या सावकाश वाचा, कित्येकजण अगदी कोवळ्या वयाचे होते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते सर्वात महत्त्वाचं. गुलामगिरीतून निसटलेले आणि पुढे गुलामगिरीविरोधी चळवळीचे मोठे नेते झालेले फ्रेडरिक डग्लस १८३८ मध्ये इथेच आले आणि नेथन व पॉली जॉन्सन या कृष्णवर्णीय दांपत्याने त्यांना आसरा दिला. ते घर अजून उभं आहे. बरेच पर्यटक बंदरावरूनच परततात, तुम्ही मात्र तिथवर चालत जाच. आत जायचं असेल तर वेळा आधी विचारून घ्या.