१९६४चा नागरी हक्क कायदा असताना १९६५मध्ये वेगळा मतदान हक्क कायदा कशासाठी?

तुमचा प्रश्न असा आहे: अमेरिकेत १९६४च्या कायद्याने वंशभेदावर बंदी आली होती, मग वर्षभरातच मतदानासाठी निराळा कायदा का करावा लागला आणि त्यानेच फरक कसा पडला?

हक्क आधीपासून होता, तो मिळवून देण्याची रीत कुचकामी होती. वंशावरून मत नाकारता येणार नाही, हे पंधराव्या घटनादुरुस्तीने १८७०मध्येच सांगितलं होतं. १९६४चा कायदा हॉटेलं, खाणावळी, नोकऱ्या आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्था यांच्यासाठी भक्कम होता. मतदानाबाबत मात्र त्याने एवढंच म्हटलं, की सगळ्यांना एकच निकष लावा, साक्षरतेची परीक्षा लेखी घ्या आणि अर्जातल्या किरकोळ चुकीवरून नाव नाकारू नका. परीक्षा रद्द केलीच नाही. अधिकाऱ्याने ऐकलं नाही, तर उपाय पूर्वीचाच: कोर्टात जा.

इथे आपल्या वाचकांच्या नजरेतून एक गोष्ट निसटते. आपल्याकडे मतदार यादी बनवणं हे सरकारचं काम, त्यासाठी माणूस दारात येतो. तिकडे नागरिकाने स्वतः काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या, कचेरीत जाऊन अर्ज करायचा. सगळी अडवणूक त्या टेबलावर व्हायची.

अलाबामातली डॅलस काउंटी घ्या, तिचं मुख्य गाव सेल्मा. नोंदणी महिन्यातून फक्त दोन सोमवारी. लांबलचक अर्ज, वर राज्यघटनेवर प्रश्न. शिवाय आधीच यादीत असलेल्या मतदाराने तुमच्यासाठी साक्ष द्यायची. यादीतले कृष्णवर्णीय मोजकेच आणि गोरे साक्ष देत नसत, मग साक्षीदार आणायचा कुठून? शेजारच्या मिसिसिपीत राज्यघटनेतलं कलम उतरवून त्याचा अर्थ लिहावा लागे. कोणतं कलम द्यायचं आणि अर्थ बरोबर की चूक, दोन्ही नोंदणी अधिकारीच ठरवणार. वर अर्जदाराचं नाव दोन आठवडे स्थानिक वर्तमानपत्रात छापायचं, असाही तिथे कायदा होता. ते नाव मालकाने किंवा जमीनदाराने वाचलं, की नोकरी किंवा खंडाची जमीन गेलीच समजा. ही छपाई मला परीक्षेहूनही क्रूर वाटते, कारण पुढचा माणूस कचेरीची पायरी चढायलाच धजत नसे.

केंद्रीय न्याय विभागाने डॅलस काउंटीवर १९६१मध्ये खटला भरला. मतदानाच्या वयाचे कृष्णवर्णीय रहिवासी सुमारे १५,००० होते. चार वर्षं कोर्टकचेरी झाल्यावरही यादीत ४००सुद्धा नव्हते. याचं कारण खटल्याच्या स्वरूपातच आहे. प्रत्येक काउंटीसाठी वेगळा खटला. भेदभाव सिद्ध करायला हजारो जुने अर्ज काढून गोऱ्या आणि काळ्या अर्जदारांची उत्तरं एकेक करून ताडून बघायची. न्यायाधीश बहुधा त्याच भागातला. एवढं करून हुकूम मिळालाच, तर राज्य जुनी परीक्षा सोडून नवी, जास्त अवघड परीक्षा आणायचं. ती नव्या अर्जदारांनाच लागू. आधी सहज नोंदले गेलेले गोरे यादीत तसेच कायम.

७ मार्च १९६५ रोजी सेल्माच्या एडमंड पेटस पुलावर मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सुमारे ६०० मोर्चेकऱ्यांना पोलिसांनी झोडपलं. ते टीव्हीवर देशभर दिसलं आणि आठच दिवसांनी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन संसदेत नव्या कायद्याची मागणी करायला उभे राहिले. ६ ऑगस्टला सही झाली.

या कायद्याची खरी करामत कलम ४ आणि ५मध्ये आहे. कलम ४ने भेदभाव सिद्ध करण्याची अटच काढून टाकली. नुसता हिशेब: नोव्हेंबर १९६४मध्ये तिथे साक्षरता परीक्षा किंवा तसली अट होती का? आणि प्रौढांपैकी निम्म्याहून कमी लोक नोंदलेले होते, किंवा निम्म्याहून कमी लोकांनी मत दिलं होतं का? दोन्ही उत्तरं ‘हो’ असली, की परीक्षा तिथल्या तिथे स्थगित. अलाबामा, मिसिसिपी, लुइझियाना, जॉर्जिया, दक्षिण कॅरोलायना, व्हर्जिनिया आणि उत्तर कॅरोलायनातल्या अनेक काउंट्या यात सापडल्या. स्थानिक अधिकारी तरीही अडून बसला, तर केंद्राने आपले परीक्षक पाठवून परस्पर नावं नोंदवायची.

कलम ५ त्याहून धारदार. या राज्यांनी मतदानाचा कुठलाही नियम बदलायचा, अगदी मतदान केंद्र हलवायचं, तरी आधी न्याय विभागाची किंवा वॉशिंग्टनच्या कोर्टाची मंजुरी हवी. विभागाला हरकत घ्यायला ६० दिवस. बदलाने भेदभाव होत नाही, हे राज्याने दाखवायचं. म्हणजे सिद्ध करण्याचं ओझं नागरिकाच्या डोक्यावरून उतरून सरकारच्या डोक्यावर गेलं आणि वेळकाढूपणाचा फायदा संपला. निकाल लागेपर्यंत नवा नियम लागूच होत नव्हता.

मिसिसिपीत कृष्णवर्णीयांची नोंदणी १९६५मध्ये ६.७ टक्के होती, ती १९६७पर्यंत ५९.८ टक्क्यांवर गेली. सेल्मात मोर्चेकऱ्यांवर माणसं घालणारा शेरीफ, म्हणजे काउंटीचा निवडून येणारा पोलीसप्रमुख, जिम क्लार्क १९६६मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) हरला. काउंटीच्या पक्ष समितीने कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या पेट्या बाद धरायचा प्रयत्न केला होता. केंद्रीय कोर्टाने ती मतं मोजायला लावली.

नोंदणी अडवता येईना, तेव्हा मताची किंमत पाडायचे डाव सुरू झाले. समजा, गावात पाच प्रभाग आहेत आणि ४० टक्के कृष्णवर्णीय लोक दोन प्रभागांत राहतात. तिथे त्यांचे दोन नगरसेवक येतील. आता प्रभाग मोडून पाचही जागांसाठी अख्ख्या गावाने मतदान करायचं ठरवलं आणि गोऱ्यांनी एकगठ्ठा मत दिलं, तर पाचही गोरे. कुणाचंही मत हिरावलं नाही, तरी दोन जागा गेल्या. बहुसदस्यीय प्रभागांवरचे वाद ऐकलेल्यांना हे गणित पटकन कळेल. अशा बदलांनाही कलम ५ लागू आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६९मध्ये स्पष्ट केलं. आधीपासून चालत आलेल्या अशा पद्धतींविरुद्ध मात्र १९८०मध्ये त्याच न्यायालयाने हेतू सिद्ध करायला सांगितलं. मनातला हेतू कागदावर कोण लिहून ठेवतो? संसदेने १९८२मध्ये कलम २, म्हणजे मतदानातल्या वंशभेदावर देशभर बंदी घालणारं कलम, सुधारलं, त्यानंतर परिणाम दाखवला तरी पुरे झालं.

दक्षिणेतल्या पक्षांची उलथापालथ सांगताना लोक १९६५पासून सुरुवात करतात, ते मला पटत नाही. नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणारे रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार गोल्डवॉटर १९६४मध्येच अतिदक्षिणेतली पाच राज्यं जिंकले होते. तिथले गोरे मतदार पुढे हळूहळू त्या पक्षाकडे गेले आणि नव्याने नोंदलेले कृष्णवर्णीय मतदार डेमोक्रॅटिक पक्षात आले.

२५ जून २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कलम ४चं सूत्र कालबाह्य म्हणून रद्द केलं. कलम ५ कागदावर राहिलं, पण ते कुणाला लागू करायचं हे ठरवणारं सूत्रच गेलं. याचा अर्थ मतदानावेळी दाखवायच्या ओळखपत्राबाबतच्या टेक्सासच्या नियमात दिसतो. बंदूक बाळगण्याचा परवाना चालेल, कॉलेजचं ओळखपत्र चालणार नाही, असा तो नियम. टेक्सासलाही १९७५पासून कलम ५ लागू होतं, त्यामुळे २०१२मध्ये वॉशिंग्टनच्या कोर्टाने नियम वापरात येण्याआधीच अडवला. २०१३च्या निकालादिवशीच राज्याने तो लागू करत असल्याचं जाहीर केलं. आता ओझं पुन्हा नागरिकांवर आलं. त्यांनी खटला भरला. नियमाचा परिणाम भेदभावाचा आहे, हे अपील कोर्टाच्या पूर्णपीठाने २०१६मध्ये मान्य केलं. तोवर २०१४ची निवडणूक त्याच नियमाने पार पडली होती.