युगांडातल्या मिशन-सेवेहून परतल्यावर

पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड हातसामानात वरच ठेव. ते नसेल, किंवा लसीला 10 दिवस झाले नसतील, तर भारतात 6 दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

घरी पोचलास म्हणून मलेरियाच्या गोळ्या थांबवू नकोस. इथेच बहुतेक जण चुकतात. डॉक्सिसायक्लिन परतल्यावर 4 आठवडे, अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल 7 दिवस. परजीवी आधी यकृतात वाढतो, मग रक्तात उतरतो. डॉक्सिसायक्लिनचा मारा मुख्यतः रक्तातल्या परजीवीवर, दुसऱ्या गोळीचा यकृतातल्यावरही, म्हणून हा फरक. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर ‘व्हायरल असेल’ म्हणत अंथरुणात पडून राहू नकोस. डॉक्टरांना युगांडाचं नाव सांग आणि त्याच दिवशी रक्त तपासून घे. व्हिक्टोरिया सरोवरात पोहला असशील तर तेही सांग. बिलहार्झियाची (गोड्या पाण्यातून अंगात शिरणाऱ्या कृमींच्या आजाराची) रक्ततपासणी शेवटचं पोहल्यानंतर 6 ते 8 आठवड्यांनी करायची, फार लवकर केली तर आजार असूनही निगेटिव्ह येते.

मंडळीत (चर्चमध्ये) साक्ष द्यायला, म्हणजे अनुभव सांगायला बोलावतील. 7 मिनिटं, 5 फोटो, पुरे. तिथल्या मुलांचे चेहरे पडद्यावर नकोत. ‘आम्ही सुवार्ता नेली’ हा सूर तर अजिबात नको: तिथे पहिले मिशनरी 1877 मध्ये पोचले, आणि 1886 मध्ये नामुगोंगोला तरुण ख्रिस्ती जिवंत जाळले गेले, तरी विश्वास टिकला. तू काय केलंस त्यापेक्षा तिथल्या पाळकांचं काम सांग.

तिथून व्हॉट्सॲपवर शाळेच्या फीसाठी पैसे मागणारे निरोप येतील. एकेकट्याला परस्पर कबूल करू नकोस, आधी तिथल्या पाळकांना विचार. आणि घरच्यांवर चिडचिड होते, तीही होईल. तेव्हा जेवणाच्या ताटावर तिथल्याशी तुलना काढू नकोस.