मिस मार्पल अंदाजपंचे खुनी ओळखत नाही

आपण विचारले आहे की अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल, नॅन्सी ड्रू, जेसिका फ्लेचर आणि प्रेशस रामोत्स्वे या रहस्यकथांतल्या चौघी शोधक बायकांमध्ये सर्वांत हुशार कोण, आणि रहस्यकथा नव्याने वाचू लागलेल्याने कोणापासून सुरुवात करावी. जाता जाता आपण असेही लिहिले आहे की मिस मार्पलचे तर्क म्हणजे ‘गावगप्पांवरून काढलेले बायकी अंदाज’ वाटतात. नुसता प्रश्न असता तर मी वाचून पुढे गेले असते. हे जाता जाता लिहिलेले वाक्य मात्र मला सोडवत नाही.

हुशारीचा क्रम लावण्यात मला रस नाही, कारण पात्राला हुशारी लेखक देईल तितकीच असते. माझ्या मते पाहावे ते असे, की या बाईला लोकांना प्रश्न विचारण्याचा अधिकार कोठून मिळतो. ‘प्राइम सस्पेक्ट’ या ब्रिटिश दूरचित्रवाणी मालिकेतील (1991) जेन टेनिसनकडे पोलिसांतील हुद्दा आहे आणि तरीही तिच्या हाताखालची माणसे तिला जुमानत नाहीत. 1982 मध्ये एकाच वर्षी अवतरलेल्या व्ही. आय. वॉर्शॉव्स्की आणि किन्सी मिलहोन या कादंबऱ्यांतल्या दोघी अमेरिकन खासगी गुप्तहेरांकडे परवाना आहे, त्या कामाचे पैसे घेतात आणि मारही खातात. जेसिका फ्लेचर नावाजलेली लेखिका असल्यामुळे तिला दारे आपोआप उघडतात. सेंट मेरी मीड या खेड्यातल्या अविवाहित वृद्धेकडे, म्हणजे मिस मार्पलकडे, यांतले काहीच नाही. ती विणकाम घेऊन बसते, समोरचे तिला हिशेबात धरत नाहीत आणि तिच्यादेखत बोलत राहतात. तिचे सारे भांडवल एवढेच, आणि ते वापरायला जी चिकाटी लागते तिला अंदाज म्हणणे मला मान्य नाही.

हा वाद मी पूर्वी एकदा घातलेला आहे. एका मोठ्या संस्थेच्या अंतर्गत लेखापरीक्षण विभागात मी नोकरीला होते. आमचे साहेब शेरलॉक होम्सचे निस्सीम भक्त होते आणि मधल्या सुट्टीत आमच्यात पुस्तकांची देवाणघेवाण चालत असे. मिस मार्पलचे पुस्तक परत करताना ते नेहमी म्हणत, “बाई, ही तुमची म्हातारी तर्क करत नाही, चहाड्या गोळा करते.” त्याच सुमारास आवक-जावक विभागातील एक सहकारी बोलता बोलता म्हणाल्या की अमुक पुरवठादाराची बिले नियमित येतात, पण त्याचा माणूस माल घेऊन आलेला आपण कधी पाहिला नाही. त्या आपल्या गुडघेदुखीविषयी सांगत होत्या आणि हे वाक्य मध्येच आले होते. मी जागेवर येऊन त्या पुरवठादाराच्या फायली काढल्या. दर बिलावर सही होती, शिक्का होता, माल मिळाल्याची नोंदही होती. महिनेच्या महिने मध्ये गेलेले असतानाही बिलांचे क्रमांक मात्र लागोपाठचे होते. म्हणजे दोन बिलांच्या मधल्या काळात त्या दुकानाला आमच्याखेरीज एकही गिऱ्हाईक मिळाले नव्हते. बिलावरचा पत्ता तपासल्यावर तो खरेदी विभागातल्याच एका कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचा निघाला. पुढे रीतसर चौकशी झाली आणि साहेबांनी अहवाल लिहिला. त्यात क्रमांकांचा मुद्दा होता, पण त्याची सुरुवात ‘विश्वसनीय सूत्रांकडून मिळालेल्या माहितीनुसार’ अशी होती. मी काढलेला निष्कर्ष कागदावर येईपर्यंत कोणीतरी पुरवलेली खबर होऊन बसला होता. मी जाऊन विचारले, तेव्हा ते म्हणाले, “तुम्हाला त्या बाईंनीच सांगितले ना?” हेच गृहस्थ होम्सने बेकर स्ट्रीटवरच्या पोरांकडून बातम्या काढल्या की त्याला योजकता म्हणत असत.

आता ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’ (1950) ही मिस मार्पलची कादंबरी घ्या. गावच्या वर्तमानपत्रात खुनाची जाहिरात येते, ठरल्या संध्याकाळी साडेसहाला शेजारीपाजारी त्या घरी जमतात, दिवे जातात आणि गोळ्या झाडल्या जातात. खुनी कोण ते मी सांगत नाही, पण एक धागा उघड करते. ज्यांना तोही नको असेल त्यांनी पुढचा परिच्छेद सोडावा.

कथेच्या उत्तरार्धात मिस मार्पल एका कागदावर काही शब्द टिपते. दिवा, व्हायोलेटची फुले, अ‍ॅस्पिरिनची बाटली, आयोडीन, मोती, वृद्धापकाळाचे निवृत्तिवेतन असे ते शब्द आहेत आणि वरवर पाहता ती विसरभोळ्या म्हातारीची यादी वाटते. त्यातला दिवा पाहा. घरात चिनीमातीच्या दिव्यांची जोडी असते, एकावर मेंढपाळ आणि दुसऱ्यावर मेंढपाळीण. त्या संध्याकाळी खोलीत मेंढपाळीण होती आणि दुसऱ्या दिवशी तिथे मेंढपाळ दिसला, हे मिस मार्पलला घरातल्या एका भोळसट, बडबड्या बाईकडून गप्पांच्या ओघात कळते. फुले पाण्याअभावी सुकलेली असतात. झिजलेल्या वायरीवर पाणी पडले की दिवे जातात, हे ती पुढे प्रत्यक्ष पाहते. या तीन गोष्टी एकत्र आल्या की त्या दिवशी अंधार कोणी आणि कसा केला असेल हा प्रश्न सुटू लागतो. न वापरल्या जाणाऱ्या दाराच्या बिजागऱ्यांना तेल घातलेले आहे, हे इन्स्पेक्टर क्रॅडॉकने शोधले आणि त्याचे श्रेय त्याला आहेच. दिव्याची हकिकत मात्र पोलिसांच्या नोंदवहीत येणे अवघड होते, कारण असली बडबड साक्ष म्हणून कोणी लिहून घेत नाही. यादीतली प्रत्येक वस्तू वाचकासमोर आधीच ठेवलेली आहे. ज्याने ती पाहिली नाही त्याने तिला अंदाज म्हणावे, हे बरे नव्हे.

गावातल्या कोणाशी तरी साम्य दाखवण्याची तिची सवय पुष्कळांना खटकते. हा अमुक मनुष्य मला तमुक दुकानातल्या पोऱ्याची आठवण करून देतो, असे ती म्हणते. ते साम्य हा तिच्या शोधाचा आरंभ असतो, पुरावा ती नंतर गोळा करते. तिचा लेखक भाचा रेमंड सेंट मेरी मीडला साचलेल्या डबक्याची उपमा देतो, तेव्हा त्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली किती जिवंत असतो याची आठवण ती त्याला करून देते.

उरलेल्या तिघींपैकी प्रेशस रामोत्स्वे तिची खरी वारस आहे. 1998 साली आलेल्या पहिल्या पुस्तकात ती वडिलांनी मागे ठेवलेली गुरे विकून बोत्स्वानात गुप्तहेर संस्था काढते. बाईला हे काम जमेल का, अशी शंका वकील घेतो तेव्हा ती त्याला अगाथा ख्रिस्तीचे नाव ऐकवते. तिच्या कथांत खून क्वचितच असतो, त्यामुळे थरारासाठी वाचणाऱ्याची निराशा होईल. आपल्या यादीत नसलेली, सुजाता मॅसी यांच्या कादंबऱ्यांतली परवीन मिस्त्रीही मी सुचवीन. 1921 च्या मुंबईतली ही वकील पडद्यातल्या विधवांशी बोलू शकते, जे कोणत्याही पुरुष वकिलाला शक्य नव्हते, आणि सगळे रहस्य त्या एका सोयीवर उभे आहे.

जेसिका फ्लेचर मला आवडते ती तिची भूमिका करणाऱ्या अँजेला लॅन्सबरीमुळे, रहस्यांमुळे नव्हे. 1984 ते 1996 या काळात ‘मर्डर, शी रोट’ या तिच्या दूरचित्रवाणी मालिकेचे 264 भाग झाले आणि त्यांतल्या बहुतेकांत गुन्हेगाराची जीभ घसरते, जेसिकाच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि तो मुकाट्याने कबुली देतो. अंदाज म्हणायचेच असेल तर याला म्हणावे. मुलांच्या पुस्तकांतली नॅन्सी ड्रू 1930 मध्ये प्रथम आली तेव्हा अधिक धीट आणि फटकळ होती. 1959 पासून जुनी पुस्तके नव्याने लिहिली गेली, त्यांत तिचे वय सोळावरून अठरा झाले आणि तिला सौम्य करण्यात आले. मूळ आवृत्त्यांत वंशभेदी चित्रणे होती, ती काढणे आवश्यकच होते, हेही सांगितले पाहिजे.

साहेबांचा एक आक्षेप मात्र मी नोंदवते, कारण तो खरा आहे. मिस मार्पलचा पुरावा बहुधा न्यायालयात टिकणारा नसतो, म्हणून तिला शेवटी सापळा रचावा लागतो आणि पोलिसांची मदत घ्यावी लागते. शिवाय बाराही कादंबऱ्या सारख्या तोडीच्या नाहीत. अखेरच्या काळात लिहिलेल्या काहींत बांधणी सैल झालेली आहे.

तेव्हा सुरुवात ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’पासून करावी, आणि पेन्सिल हाती घेऊन करावी. त्या यादीतली प्रत्येक वस्तू आपल्याला प्रथम कोणत्या पानावर दिसली ते समासात लिहावे. त्यानंतरही तो अंदाजच वाटला, तर त्यातला कोणता दुवा वाचकापासून लपवलेला होता ते पानाच्या क्रमांकासह येथे कळवावे. साहेबांनाही मी हेच सांगितले होते. त्यांनी पुस्तक नेले, पण पान क्रमांक अद्याप कळवलेला नाही.