लेकीसाठी रेसचा घोडा, एफडी मोडून?

नमस्कार ताई, तुमचा मेल दोनदा वाचला. लेक नववीत, दहा महिने झाले रायडिंग शिकतेय, आता तिला शो जंपिंग (घोड्यावरून अडथळ्यांवर उड्या मारायचा खेळ) करायचंय, पुण्याला रेसमधून काढलेला पाच वर्षांचा थरोब्रेड (रेसच्या जातीचा घोडा) ३ लाखांत मिळतोय, तर ७ लाखांची एफडी मोडून घ्यावा का, असं विचारलंय तुम्ही. सरळ सांगतो, आत्ता घेऊ नका.

३ लाखांकडे नका बघू, महिन्याकडे बघा. तुमचेच आकडे मांडतो, तबेल्याचे महिन्याला २०,००० म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार, ट्रेनरने घोडा तयार करायचे १०,००० म्हणजे १ लाख २० हजार, त्यात घोड्याची किंमत, झाले ६ लाख ६० हजार पहिल्याच वर्षी. दर पाच-सहा आठवड्यांनी नाल, डॉक्टर, खोगीर, पुण्याहून म्हापशाला आणायचं भाडं, यातलं काहीच अजून धरलेलं नाही. बारावीनंतरची फी याच एफडीतून भरायची ना?

आणि मिस्टर बोटीवर, कॉन्ट्रॅक्ट संपलं की दोन-अडीच महिने घरी, तेव्हा पगार नाही, पण घोड्याला चंदी-वैरण रोज लागणारच. त्यात आपल्याकडे जून ते सप्टेंबर उघड्या मैदानाचा नुसता चिखल, जंपिंग जवळजवळ बंद, तबेल्याचे पैसे मात्र पूर्ण, वर ओलीत खुर कुजायची काळजी.

पण मला खरी भीती वेगळीच वाटते. रेसचा घोडा सरळ, जोरात पळायला शिकलेला असतो, लगाम ताणला तर बरेचदा त्यावर रेलून अजूनच पळतो. त्याला आधी सावकाश गोलात बॅलन्स धरून चालवायचं, मग जमिनीवर ठेवलेल्या दांड्यांवरून न्यायचं, मग कुठे गुडघाभर उडी, यात वर्ष सहज जातं आणि हे शिकवायला बसणारा पक्का लागतो. तुमची लेक अजून स्वतःच शिकतेय. उडीच्या आधी घाबरून तिने लगाम खेचला की घोड्याच्या तोंडाला हिसका बसतो, असं पुन्हा पुन्हा झालं की तो दांडीसमोर अडायला लागतो, आणि अडणारा घोडा विकायला निघालात तर ३ लाख विसराच. पोरगी पडायची भीती आहे ती वेगळी. दोघांतल्या एकाला तरी काम येत असायला हवं हो.

तुम्ही शेवटी जाता जाता लिहिलंय की लेक शिकते तिथेच १६ वर्षांची जुनी जंपिंगची घोडी अर्ध्या लीजवर (घोडी मालकाचीच, आठवड्यातले काही दिवस आपण वापरायची) महिन्याला ८,००० ला मिळतेय पण लेकीला ती बोअर वाटते. ताई, तीच घ्या! वर्षाचे ९६,०००, महिन्याच्या पगारातून निघतील, एफडीला हात नको. कँटरमध्ये, म्हणजे मध्यम दौडीत, घोड्याची एक ढांग साधारण १२ फुटांची, उडीपर्यंत किती ढांगा बसतात हे नजरेत बसायला शेकडो उड्या माराव्या लागतात, आणि तेवढ्या चुका पोटात घालणारं जनावर म्हणजे अशी जुनी घोडीच.

एफडी मॅच्युअर झाली की २ लाख वेगळे काढून ठेवा, मिस्टर घरी असतील त्या महिन्यांसाठी, बाकीचे ५ परत फीसाठी लावा. पुढच्या पावसाळ्यानंतरही लेकीचा हट्ट असाच टिकला तर मला परत लिहा, आणि तेव्हा कुठलाही रेसचा घोडा बघायला गेलात तर पैसे द्यायच्या आधी आपला डॉक्टर नेऊन पुढच्या पायांचे एक्स-रे काढून घ्या आणि कंडरा (टेंडन) तपासून घ्या, विकणाऱ्याचा डॉक्टर नको.